चुलबंद म्युझिकचा दावा

१

सोमवारी सकाळी सेंटरचं शटर अर्धंच वर केलं होतं, तोच फुलवंताकाकी खालून वाकून आत आल्या.

"ओमेश्वरी, माह्या घरी चोरी झाली."

"काय गेलं काकी?"

"लोकेंद्रचे बाबा गेले."

लोकेंद्रचे बाबा, म्हणजे काकींचे यजमान हिरालालकाका, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत अठरा तारखेला वारले होते. तलावाच्या पाण्याचं काम पाहायचे. सकाळी पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गेले ते चौघांच्या खांद्यावर घरी आले. मी काकींना स्टूल दिला. त्यांनी पदराखालून फोन काढून माझ्यासमोर ठेवला.

सौंदड स्टेशनच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, धानाची नोंदणी, जातीचा दाखला. ज्या बाईला प्रिंट काढता येते तिला सगळंच येतं, अशी इथल्या लोकांची ठाम समजूत आहे, आणि ती मोडण्यात माझाही फायदा नाही. माझं माहेर तिरोड्याकडचं, पोवारांचं. बारा वर्षं तलाव बांधणाऱ्या कोहळींच्या या गावात नांदते आहे, तरी इथल्या निम्म्या रीती मला अजून कोणी सांगितलेल्या नाहीत.

फोनवर काकींचं चॅनल होतं. एकशे अठरा गाणी, सगळी रोवण्याची. धानाची रोपं लावताना बाया चिखलात वाकून गातात ती. हिरालालकाकांनी चार वर्षं शेताच्या धुऱ्यावर उभं राहून ती फोनमध्ये घेतली होती. त्यातली तीन बंद पडली होती. त्यांच्या जागी एकच ओळ होती: चुलबंद म्युझिक यांच्या हक्काच्या दाव्यावरून हा व्हिडिओ काढला आहे.

एकाच वेळी तीन दावे. पुढच्या सोमवारी सकाळी दहापर्यंत दावेदाराने ते मागे घेतले नाहीत, तर चॅनल बंद आणि ते तीन व्हिडिओ कायमचे पुसणार. उलट अर्ज करायचा तर मूळ रेकॉर्डिंग दाखवा. ते काकांच्या फोनमध्ये होतं, आणि फोन त्या दिवशी त्यांच्यासोबत तलावात पडून मेला होता.

उरलेली एकशे पंधरा गाणी मी त्याच दुपारी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. ती तीन उतरेनात. रोवण्याची गाणी बायांची, पण या तिन्हींत मध्येच गड्याने जबाब द्यायचा असतो, आणि तो जबाब फोनच्या मागे उभं राहून हिरालालकाकांनी स्वतः गायला होता. त्यांचा आवाज जगात तेवढ्या तीनच ठिकाणी होता.

"मी रोज रात्री आयकतो," काकी म्हणाल्या. "फोटोचं काय आहे, फोटो बोलत नाई."

मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरत बसले.

२

ही चुलबंद म्युझिक कोण? चुलबंद आमची नदी. म्हणजे नाव ठेवणारा इथलाच, बाहेरचा नाही. दाव्यावर एका वितरक कंपनीचं नाव होतं. गाणी गोळा करून सगळ्या ॲपवर पोचवायची आणि कोणी न विचारता वापरलं तर अडवायचं, हा तिचा धंदा. मी मेल टाकला. दहा दिवसांत उत्तर देऊ, असं एका मिनिटात उत्तर आलं.

मग मी वहीत तीन प्रश्न लिहिले.

पहिला, हीच तीन गाणी का? काकींचं सर्वांत गाजलेलं गाणं नऊ लाख लोकांनी पाहिलं आहे. चोराने ते सोडलं आणि दोन-तीन हजारांच्या या गाण्यांना हात घातला. तिजोरी उघडी टाकून पायपोस नेणारा चोर मी तरी पाहिलेला नाही.

दुसरा, चोराने गाणी विकायला काढली असतील तर कुठे? मी सगळी ॲप धुंडाळली. चुलबंद म्युझिकच्या नावावर एकही गाणं नव्हतं. नोंदवलं होतं, पण बाजारात सोडलं नव्हतं.

तिसरा प्रश्न शोधता शोधता सापडला. याच गाण्यांचे तुकडे आणखी तीन चॅनलवर होते. फुलचूरच्या डीजे राहुलने त्यावर धुमाल, म्हणजे इकडच्या वरातीतला ढोलताशांचा दणका, चढवला होता. गोंदियाच्या नीतू नावाच्या मुलीने फुलवंता आजीच्या चाहत्यांचं पान काढून त्यावर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे टाकले होते. आणि आमच्याच गावच्या शामकलाबाईंनी, म्हणजे काकींच्या मागे दुसरा आवाज देणाऱ्या बाईंनी, फक्त आपला भाग कापून सुनेकरवी टाकला होता. पूर्ण हिरालालकाका कोणाकडेच नव्हते. पण मूळ गाणं बंद आणि हे तिन्ही तुकडे बिनधास्त सुरू. काढणाऱ्या यंत्राला तीन नकला दिसल्या नाहीत आणि अस्सल तेवढं दिसलं?

"या तिघांतलाच एक," मी काकींना म्हणाले.

असं बोलायला नको होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

३

बुधवारी सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले आणि ऑटोने फुलचूरला. राहुलच्या घरासमोर धुमालची गाडी उभी होती, मुलाएवढे स्पीकर पुसायचं काम चाललं होतं. राहुल पंचविशीचा, दाढी कोरलेला, बोलायला मोकळा.

"दीदी, मैंने किसी से पूछा नहीं, ये सच है," तो म्हणाला. "पर किसी ने रोका भी नहीं. लग्नात पब्लिक ते गाणं मागते. आजी चिडली होती, मालूम आहे मला. काकांचा एकदा फोन आला होता."

"काय म्हणाले?"

"बोले, विचारून वाजवत जा गा. मैं बोला, किससे पूछूं? ते बोले, देखता हूं."

"आणि चुलबंद म्युझिक?"

तो गोंधळला. मग कपाळावर हात मारून जुने मेल वर ढकलत गेला. "ये देखो. मला वाटलं जाहिरात आहे."

गेल्या वर्षीचा, तीन फेब्रुवारीचा मेल. चुलबंद म्युझिक आपल्या चॅनलला ही तीन गाणी वापरण्याची परवानगी देत आहे, स्वीकारण्यासाठी इथे दाबा. राहुलने पाच दिवसांनी, आठ तारखेला, न वाचता दाबलं होतं.

चोराने परवानगी वाटली होती, आणि तीही मागितल्याशिवाय.

नीतू राइस मिलच्या ऑफिसात बिलं करते. मला पाहताच तिने खुर्ची पुसली, कारण मी फुलवंता आजीच्या गावची. तिलाही तसाच मेल होता.

"मी तर नाचले होते दीदी. वाटलं, आजीने ही भेजा. स्क्रीनशॉट पण ठेवला."

मेल नऊ तारखेचा. तिने स्वीकारला तेरा तारखेला.

परतीच्या गाडीत मी तारखा वहीत एकाखाली एक मांडल्या. तीनला राहुलला विचारलं. आठला राहुल हो म्हणाला, तेव्हा कुठे नऊला नीतूला विचारलं. पहिल्याचा होकार येईपर्यंत दुसऱ्याला हात लावला नव्हता. कंपनीचा असा काही नियम नव्हता, दहा जणांना एकदम पाठवता आलं असतं. आणि राहुल-नीतू एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते, उलट राहुलचा रिमिक्स नीतूला अजिबात आवडत नव्हता. यातला एक चोर असता तर त्याने स्वतःला वाचवलं असतं, दुसऱ्याला कशाला?

म्हणजे चोर दोघांतला कोणी नाही. उरल्या शामकलाबाई. सौंदडला उतरले तेव्हा गावातून बातमी स्टेशनपर्यंत आली होती. फुलवंताकाकींनी तलावाच्या घाटावर, धुणं धुणाऱ्या पंधरा बायांसमोर, शामकलाबाईंना चोर म्हटलं होतं.

४

दोघी एकाच गल्लीत दिल्या गेलेल्या, चाळीस रोवणे एकमेकींच्या शेजारी वाकून केलेले. एक गाण्याची ओळ टाकायची, दुसरी झेलायची. चॅनल निघालं तेव्हा नाव फुलवंताचं झालं, आणि झेलणारीला कोणी विचारलं नाही. घाटावर शामकलाबाईंनी धुणं अर्ध्यावर थांबवलं म्हणे. ओली धुणी तशीच बादलीत भरली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या धान पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"तू बी चोर पाहाले आली का व?"

"नाही काकी. फोन पाहायला आले."

"गंगा, दे तिले फोन. पाहून घेऊ दे. उद्या म्हनाची लपवला."

सून गंगाने फोन दिला. इंग्रजी मेल त्या घरात कोणी उघडत नव्हतं, त्यामुळे दीड वर्षाचे सगळे न वाचलेले पडले होते. ढीग उपसता उपसता सापडला. चौदा फेब्रुवारी. नीतूने हो म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. स्वीकारलेला नव्हता. पुराव्याला हात लावू नये एवढं मला मालिका पाहून कळतं, म्हणून मी बटण न दाबता फक्त फोटो काढला.

"शामकलाकाकी, तुमच्यात आणि फुलवंताकाकींत आधी काही झालं होतं का?"

सूप आता थांबलं. "काई झालं नाई. तिनं मले कधी विचारलं नाई, मी कधी सांगतलं नाई. एवढंच झालं."

बाहेर पडले तेव्हा मला लाज वाटत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि दोर मी वळला होता.

यादी चौदा तारखेनंतर पुढे सरकलीच नव्हती. शामकलाबाईंचा होकार आला नाही म्हणून यादी थांबली असेल, की यादी करणाराच थांबला असेल?

५

शनिवारी मी तलावाकडून येत होते. ऑक्टोबर लागला होता, धान गर्भात होतं, आणि या दिवसांत शेवटचं पाणी मिळालं नाही तर पोकळ लोंबी हाती येते. पारीला तुडुम आहे, म्हणजे पाणी सोडायचं दगडी दार. तिथे मनिरामकाका छत्री टेकून बसले होते. गावाने नेमलेला पाणी वाटणारा माणूस म्हणजे पाणकर. हिरालालकाकांच्या मागे हे काम यांच्याकडे आलं.

तुडुमाला लागूनच त्यांची स्वतःची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, होती. चिखलाला भेगा पडल्या होत्या, आणि तिच्या कडेने पाटाचं पाणी भरभरून दूर चाललं होतं.

"काका, तुमचंच धान वाळून राहिलं की," मी म्हणाले.

"वाळू दे. अजून मधल्याचं व्हायचं आहे."

"दार तुमच्या हातात, बांधी दाराशी. घ्या ना आधी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले आहे. "पोवाराची पोर तू, तुले कोन सांगन. पानी शेपटापासून देतात. सगळ्यात दूरचा आधी. त्याचा निरोप आला का भेटलं म्हनून, मंग त्याच्या अलीकडचा. असं करत करत तलावाकडे याचं. आन् पानकराची बांधी सगळ्यात शेवटी. नाई तं गाव त्याले पानकर कायले ठेवन?"

"आणि कागदावर पाणी कोणाच्या नावावर?"

"कोनाच्याच नाई. रजिस्टरात पानकराचं नाव राहते. पानी त्याचं नाई, राखण त्याची."

मी तिथेच पारीवर बसले आणि वही काढली. फुलचूर, गोंदिया, मग आमची गल्ली. दूरपासून जवळ. प्रत्येकाचा निरोप आल्यावर पुढचा. आणि यादीत सगळे आहेत, फक्त एक घर नाही.

फुलवंताकाकींचं घर चोराने वगळलं नव्हतं. ते शेवटी यायचं होतं, आणि ज्याची ही यादी होती तो माणूस अठरा तारखेला मेला होता.

६

रविवारी दुपारी चारला मी काकींच्या ओसरीवर हे सगळं मांडलं. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, पटत नाही अशी.

"ते कायले माह्यावर दावा करतीन?"

"त्यांनी नाही केला. लोक न विचारता गाणी वापरतात म्हणून तुम्ही चिडत होता. काकांनी भांडण केलं नाही, पाळी लावून दिली. चुलबंदच्या नावाने तीन गाणी नोंदवली. तीनच का? उरलेली बायांची, त्यांच्यावर आपला काय हक्क, म्हणून. जिथे स्वतःचा आवाज होता तेवढ्याचीच राखण घेतली. सगळ्यांचे होकार आल्यावर तुमचं नाव घालून मग गाणी सोडणार असतील. तेवढ्यात ते गेले."

"मंग दीड वर्षानं आता कायले?"

"ते मला खातं उघडल्यावरच कळेल. काकांचं सिम कुठे आहे?"

"माह्याच फोनात. गॅसचा नंबर त्याच्यावर आहे ना."

वितरक कंपनीच्या पानावर तो नंबर घालून मी पासवर्ड विसरलो हे बटण दाबलं. काकींच्या हातातला फोन टिणकन वाजला. सहा आकडे आले. त्यांनी ते एकेक करून वाचून दाखवले.

खातं उघडलं. वर लिहिलं होतं, हिरालाल कापगते, चुलबंद म्युझिक. खाली कंपनीची सूचना: याच महिन्यापासून सर्व जुन्या खात्यांसाठी परवानगीशिवायचे व्हिडिओ आपोआप काढण्याची सोय सुरू केली आहे. यंत्राने यादी पाहिली होती. यादीत होते त्यांना सोडलं, नव्हतं त्याला अडवलं. त्याला नवरा-बायको कुठून कळणार? गाणी मात्र खात्यात वाजत नव्हती, यंत्राला ओळखण्यापुरता त्यांचा ठसा फक्त ठेवलेला होता.

यादीत तीन नावं होती. दोघांपुढे हिरवी खूण, शामकलाबाईंपुढे रिकामं. चौथ्या ओळीत एकच शब्द कच्चा मसुदा म्हणून पडून होता, पक्का केलेला नव्हता: फुलवंता.

काकींनी बोट लावून ते नाव पाहिलं. मग पदराने पडदा पुसला, जसा आरसा पुसतात.

"झालं काकी. हे बटण दाबलं की तुमचं नाव चढतं आणि दावे आपोआप मागे जातात. दाबू?"

"थांब."

"उद्या दहाला सगळं पुसलं जाईल."

"थांब म्हनतो ना." त्या चष्मा काढून बसल्या. "तिच्यापुढे खूण नाई. तिचा निरोप आल्याबिगर त्यानं माह्य नाव घेतलं नाई. मी घेऊ? त्याच्या मांगं मी त्याची रीत मोडू?"

"पण काकी, तुम्ही तिला चोर म्हणालात. ती नाही म्हणाली तर?"

"तं नाई म्हनन." त्या उठल्या. "चाल."

मला त्यांचा राग आला, खरंच सांगते. एका बटणाचं काम, आणि बाई आयुष्यभराचा आवाज डावाला लावून निघाली होती. तरी मी चप्पल घालून मागे गेले.

७

शामकलाबाई दारातच बसल्या होत्या. काकी अंगणात उभ्या राहिल्या, वर चढल्या नाहीत. गल्लीतल्या दोन-चार बाया आपोआप बाहेर आल्या.

"शामकला," काकी मोठ्याने म्हणाल्या, घाटावर म्हणाल्या होत्या तेवढ्याच मोठ्याने. "चोरी कोनी केली नाई. मी खोटं बोललो. गानं तुह्यबी आहे. ते चॅनल निघालं तेव्हाच तुले विचाराचं होतं, मी विचारलं नाई. लोकेंद्रच्या बाबानं विचारलं होतं, ते तुह्या फोनात पडून आहे. आता तू हो म्हन नाई तं नाई म्हन."

शामकलाबाईंनी काकींकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता दार लागतं.

"हिरालालभाऊनं मले विचारलं होतं?" त्या हळूच म्हणाल्या. "मले?"

"तुह्या नंतर माह्य नाव होतं," काकी म्हणाल्या.

"गंगा, फोन आन."

गंगाने फोन आणला. मी मेल काढून दिला. "कोठी दाबाचं?" शामकलाबाईंनी विचारलं. मी निळं बटण दाखवलं. त्यांनी बोट साडीला पुसलं आणि दाबलं. माझ्या फोनवर त्यांच्या नावापुढे हिरवी खूण आली, आणि मग मी चौथी ओळ पक्की केली.

दहा मिनिटं काही झालं नाही. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. कोणीतरी काकींना वर बसायला पाट दिला. त्या बसल्या. मग एकेक करून तिन्ही चौकोनांतली ती ओळ गेली आणि चिखलात वाकलेल्या बाया दिसू लागल्या.

"उतरवून घेते आधी," मी म्हणाले.

"मंग उतरव," शामकलाबाई म्हणाल्या. "आधी लाव. मलेबी आयकाचा आहे."

मी लावलं. फुलवंताकाकींनी ओळ टाकली, शामकलाबाईंनी झेलली, आणि मग फोनच्या अगदी जवळून, थोडा घोगरा, थोडा सुराबाहेरचा हिरालालकाकांचा जबाब आला. तिसऱ्या ओळीवर ते शब्द विसरले आणि नुसतं हं हं करत पुढे गेले.

काकींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या हसत होत्या.

"चुकला," त्या म्हणाल्या.

"दर डाव अथीच चुके," शामकलाबाई म्हणाल्या, आणि ती विसरलेली ओळ त्यांनी बसल्या जागी गाऊन पुरी केली.